घर सोडून फिरण्याचे मोल

कामधंदा सोडून सर्वकाळ देशाटन करावे, असे पुष्कळ तरुणांस वाटते. हे सुख थोड्या भाग्यवंतांचेच आहे काय?

आपल्या तारोडीजवळ उत्तनचा किनारा आहे. तेथील एखादा कोळी जाळे टाकून जगप्रवासास निघाला, तर त्याच्या घरची चूल कोणी पेटवावी? ज्याच्या गाठी पैसा आहे, त्याला ही चिंता नाही. म्हणून ही मोकळीक सर्वांस सारखी लाभलेली नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

परंतु पैसेवालाच निघतो असेही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांची श्रद्धा थोर होती. तरी पूर्वीपासून ते वारंवार घर सोडून जात, तेव्हा संसाराचा भार लक्ष्मीबाईंनी सोसला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. निर्धनाच्या मोकळिकीचेही मोल कोणीतरी देतेच.

पौल प्रेषित तर देशोदेशी फिरला; पण करिंथात त्याने राहुट्या करण्याचा धंदा केला, आणि आपला भार मंडळीवर घातला नाही.

तेव्हा प्रवास हे पाप नव्हे. मात्र निघण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे : माझे ओझे कोण वाहणार, आणि तो ते राजीखुशीने वाहील काय? बंधूंनो, ज्याने आज आपणांस मोकळे केले, त्याला उद्या मोकळे करण्याची पाळी आपली आहे.