मेलेल्या राजाचं पस्तिसावं वर्ष

चीनचा होंग्वू सम्राट १३९८ साली वारला. त्याच्या राजवटीचं ते एकतिसावं वर्ष. तरीही १४०२ साल सरकारी गणनेत 'होंग्वू ३५' ठरलं. मेलेल्या माणसाने आणखी चार वर्षं राज्य केलं, आणि ही कुणा कारकुनाची चूक नव्हती.

वर्षांना नाव देण्याची ही चिनी प्रथा हान घराण्यातल्या सम्राट वूच्या काळातली, इसवी सनाच्या आधीची. राजाने काळाचं नाव जाहीर करायचं आणि मोजणी एकपासून सुरू करायची. होंग्वूनंतर त्याचा नातू गादीवर बसला. त्याच्या वर्षांचं नाव ज्यानवन. १४०२ मध्ये काका झू दीने बंड करून नानजिंग घेतलं आणि पुतण्याची वर्षं रद्द केली. ज्यानवन १ ते ४ यांचं झालं होंग्वू ३२ ते ३५. पुढच्या वर्षापासून त्याचं स्वतःचं नाव सुरू झालं: योंगल, म्हणजे 'चिरंतन आनंद'.

याला खोटं म्हणायचं का? कालगणना हा शेवटी संकेतच. शके लिहिताना आपण काही शालिवाहनाशी निष्ठा जाहीर करत नाही. पण शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तो नुसता संकेत नव्हता; 'आम्ही आहोत' असं ते सांगणं होतं. झू दी मात्र दुसऱ्याला सांगत होता, 'तू नव्हतासच'. फरक मला इथे दिसतो. ज्यानवन २ मध्ये जन्मलेल्या मुलाचं जन्मवर्षही त्यात गेलं.

मग लिहिणाऱ्याने काय करावं? फांग श्याओरू या विद्वानाने झू दीच्या राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहायला नकार दिला. त्याला ठार मारण्यात आलं. त्याच्यापुढे मान झुकते, पण घरी चार तोंडं असलेल्या प्रत्येक कारकुनाकडून तेच मागायचा हक्क मला आहे, असं वाटत नाही.

कोरियातल्या विद्वानांनी वेगळी वाट काढली. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली. कोरियाच्या दरबाराला छिंग सम्राटांशी पत्रव्यवहार त्यांच्याच वर्षनामाने करावा लागे. पण खासगी लिखाणात, थडग्यांवरच्या शिळांवर अनेक जण शेवटच्या मिंग सम्राटाचं 'चोंगचन' हेच नाव वापरत राहिले, शंभराहून अधिक वर्षं. पूर्वी मला हा दुटप्पीपणा वाटे. आता वाटतं, जिथे सक्ती होती तिथे त्यांनी सही केली, आणि घरची वही आपल्या हिशेबाने ठेवली. अर्थात तीही एका मेलेल्या राजाचीच वर्षं होती. पण ती त्यांनी स्वतः निवडली होती, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं.

'ज्यानवन' हे नाव १५९५ मध्ये, वानली सम्राटाच्या काळात, अधिकृतपणे परत आलं. मधे १९३ वर्षं गेली होती. त्या चार वर्षांत जन्मलेलं कुणीही आपलं जन्मवर्ष परत घ्यायला उरलं नव्हतं.