डावे, उजवे आणि खूण

इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे. ते नीरेच्या डाव्या तीरावरही आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. नदीचे डावे-उजवे प्रवाहाच्या दिशेने ठरते आणि लक्ष्मी-नृसिंहाचे हे क्षेत्र दोन प्रवाहांच्या बेचक्यात वसलेले आहे. स्थलवाचक विधान कोणाच्या तरी भूमिकेशी बांधलेले असते, हे संगमावर उभे राहताच कळते. मग वाट विचारणाऱ्याला उत्तर देताना भूमिका कोणाची धरावयाची?

पुण्याच्या पेठांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा ही देवळे म्हणजे पेठकऱ्यांचा शब्दकोशच. टिळक चौकाला 'अलका चौक' म्हणणे हेही त्याच कोशातले. ज्याला हा कोश येत नाही तो, नरसिंहपूरहून येऊन स्वारगेटला उतरलेला का असेना, परका ठरतो. खूण वाट दाखविते, तशी आतले आणि बाहेरचे अशी वर्गवारीही करते. म्हणून केवळ अधिकृत नावेच वापरावीत, असा समतेचा युक्तिवाद संभवतो. परंतु अधिकृत नावही भूमिकारहित नसते. १८८६ साली उभी राहिलेली 'रे मार्केट'ची इमारत पुढे महात्मा फुले मंडई झाली. दोन्ही नावांमागे सत्तेचे आणि स्मृतीचे निवाडे आहेत. लोकांच्या तोंडी ती नुसती 'मंडई'च राहिली.

येथे महानुभावांची 'स्थानपोथी' आठवते. चक्रधरस्वामींचे वास्तव्य झालेल्या स्थानांचे वर्णन ती दिशा सांगून करते. जो तेथे कधी गेलेला नाही, तो तिचा गृहीत वाचक. स्मृती जपणे आणि परक्याची आस्था बाळगणे यांत विरोध असतोच असे नाही, याचा हा जुना मराठी पुरावा होय. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत ठेवल्या. म्हणजे तीच खूण उघडता येते, तशी मिटताही येते.

आज मोबाइलवरील नकाशा विचारणाऱ्यालाच केंद्र मानून फिरतो. त्याची सोय निर्विवाद आहे. मात्र तेथे कोणालाच आपली जागा सोडावी लागत नाही. समोरासमोर उभा असलेला पेठकरी जेव्हा 'तुमच्या उजव्या हाताला' असे म्हणतो, तेव्हा क्षणभर तो स्वतःचा उजवा हात विसरलेला असतो. परदुःख जाणणे ही फार पुढची गोष्ट. तिची पहिली पायरी बहुधा हीच असावी.