हात न उचलता झालेले पाप

महायुद्ध म्हटले की मनापुढे तोफा, विमाने आणि रणात पडलेले शिपाई उभे राहतात. १९३९ ते १९४५ या काळात असे शिपाई लाखोंनी पडले, हे खरेच. पण त्याच युद्धात आपल्या देशाच्या बंगाल प्रांतात जे लोक मेले, त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. काही उपाशी मेले, काही उपासाने खंगलेल्या शरीराला ताप, पटकी लागून मेले. सरकारच्या चौकशी समितीने १९४५ साली हा आकडा १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो २० ते ३० लाखांपर्यंत नेला. हिंदुस्थानचे जेवढे शिपाई त्या युद्धात कामी आले, त्याच्या कितीतरी पट ही माणसे. त्यांना मारले कोणी? हा प्रश्न आम्ही इतिहासाचा म्हणून नव्हे, पापपुण्याचा म्हणून विचारीत आहोत.

आपल्या मंडळींत याचे एक उत्तर तयार असते. कोणीतरी कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "ज्याचे त्याचे प्रारब्ध!" स्वतःच्या दुःखात माणसाने असे म्हणावे, त्यात धीर आहे. पण दुसऱ्याच्या उपाशी लेकराकडे पाहून तेच वाक्य बोलले, की ते दार लावून घेण्याचे वाक्य होते. तेव्हा प्रारब्ध क्षणभर बाजूला ठेवू आणि घडले काय ते पाहू.

मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि जपानी आता बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार अशी धास्ती पसरली. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून जादा वाटणारा तांदूळ उचलला, आणि दहाहून अधिक माणसे बसतील अशा होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या. ४० हजारांहून अधिक होड्या! देशावरच्या माणसाला याचा अर्थ चटकन कळणार नाही. आपल्याकडे ऐन पेरणीच्या तोंडी गावोगावचे बैल सोडून नेले तर काय होईल, ते मनात आणा. खालच्या बंगालात नदी हाच रस्ता. कोळ्याची मासेमारी, नावाड्याचे भाडे, कुंभाराची माती, बेटावरच्या शेतकऱ्याचे शेताला जाणे, सारे होडीवर. होडी गेली त्या दिवशी यातला कोणीच मेला नाही. मेला तो वर्षाभराने.

त्यात १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरकडे मोठे वादळ आले आणि समुद्र आत शिरला. भातावर रोगही पडला. हे दैवाचे, असे म्हणावे तर म्हणा. पण अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की १९४३ साली बंगालात मिळणारे धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. यावर अभ्यासकांत वाद आहे, तो असो. भावाबद्दल मात्र वाद नाही. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ मार्चमध्ये २१ वर, मे महिन्यात ३० च्या वर आणि ऑगस्टमध्ये ३७ वर गेला. युद्धासाठी सरकारचा पैसा पाण्यासारखा वाहत होता. विमानतळ बांधणाऱ्याच्या, गिरणीत राबणाऱ्याच्या हातात तो थोडाबहुत येत होता. दुसऱ्याच्या शेतात भात लावणाऱ्या मजुराच्या हातात मात्र जवळजवळ जुनीच मजुरी होती. त्याच्या डोळ्यांदेखत बाजारात तांदूळ होता, आणि त्याच्यासाठी नव्हता.

आता हात कोणाकोणाचे होते ते बघा. होड्या नेणारा अंमलदार म्हणेल, मी देश राखीत होतो. कलकत्त्याच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना सवलतीच्या भावाने धान्य मिळण्याची सोय १९४२ मध्येच झाली होती. ती करणारा म्हणेल, युद्धाचे काम थांबून कसे चालेल? लंडनमध्ये युद्धमंत्रिमंडळापुढे १९४३ च्या ऑगस्टात हिंदुस्थानला धान्य धाडण्याची मागणी आली. तिथे बहुतेक नकारच मिळाला. सांगितले गेले ते असे, की जहाजे दुसऱ्या कामाला हवी आहेत. व्यापारी म्हणेल, भाव मी थोडाच ठरवतो, बाजार ठरवतो. चार पोती राखून ठेवणारा शेतकरी म्हणेल, उद्याचे कोणी पाहिले आहे? आणि महिन्याऐवजी सहा महिन्यांचा तांदूळ घरात भरून ठेवणारा पांढरपेशा गृहस्थ, तो तर तुमच्याआमच्यासारखाच, म्हणेल, मला लेकरेबाळे आहेत! प्रत्येकाचे बोलणे एकेकटे ऐकले तर पटते. हीच तर यातली भयंकर गोष्ट आहे. कोणीच हात उचलला नाही, आणि गावेच्या गावे ओस पडली.

खेड्यांतली माणसे चालत कलकत्त्यात आली. दारोदार त्यांनी भात मागितला नाही. भात कोणी देणार नाही हे त्यांना कळून चुकले होते. ती भाताची पेज मागत होती, जी एरवी मोरीत ओततात. २२ ऑगस्ट १९४३ ला 'स्टेट्समन' पत्राने रस्त्यावर मरून पडलेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे जगाला जाग आली. ऑक्टोबरात नवे व्हाइसरॉय वेव्हेल आले आणि त्यांनी धान्य पोचवण्याला लष्कर लावले. म्हणजे लष्कर होते, वाहने होती. मनात यायला तेवढा वेळ लागला.

चौकशी समितीने एक हिशेब मांडला, तो वाचून आमची तर झोप उडाली. त्या वर्षीच्या तांदळाच्या व्यवहारात १५० कोटी रुपयांचा जादा नफा झाला असावा, असा तिचा अंदाज. मृत्यू १५ लाख. भागाकार तिनेच करून ठेवला: एका जिवामागे सुमारे हजार रुपये. ही मोडतोड नुसत्या कारभाराची नव्हती, समाजाच्या नीतीचीही होती, असेही तिने बजावले.

कोणी म्हणेल, महायुद्धात असे व्हायचेच. तसे नाही हो. त्याच युद्धात, त्याच सरकारच्या स्वतःच्या देशात काय झाले? बॉम्ब पडत होते, धान्य आणणारी जहाजे बुडत होती. पण १९४० च्या जानेवारीपासून तिथे रेशन सुरू झाले. लोणी, साखर, मांस श्रीमंताला आणि गरिबाला सारखे. पहिल्यांदाच तिथल्या गरिबाच्या पोटात नेमाने सकस अन्न जाऊ लागले आणि त्या दशकात इंग्लंडमधले सरासरी आयुष्य सहा-सात वर्षांनी वाढले. युद्ध एकच. तिथे पंगत बसली, सर्वांना वाढून झाल्यावर घास उचलण्याची; इथे ज्याचे काम युद्धाला लागेल त्याचे पान आधी, आणि बाकीच्यांची पानेच मांडली नाहीत. आपल्या मुंबईतही १९४३ च्या मे महिन्यात रेशन लागू झाले होते. कलकत्त्यात ते यायला १९४४ चा जानेवारी सरत आला.

या ठिकाणी आमच्या मनात दोन जुनी नावे येतात, आणि ती येणारच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपुढेही राजाज्ञा होती. कोठार बादशहाचे, पंत नुसते कारभारी. त्यांनी कुलूप काढले. आणि तुकोबाराय तर दुकानदारच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. ज्याचे स्वतःचे घर असे बसले, त्याने येणे वसूल केले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंपरा सांगते, की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. आपण या कथा चमत्कारासाठी ऐकतो. विठू महार होऊन देवाने रसीद कशी भरली, यावर कीर्तनात तास तास जातो. पंतांनी किल्ली फिरवली तो क्षण मात्र एका वाक्यात संपतो. तो क्षण चमत्काराचा नव्हे म्हणूनच, आम्हाला वाटते, अधिक अवघड आहे.

१९४३ च्या हिवाळ्यात बंगालात भात उत्तम पिकले. हिवताप, पटकी आणि देवी यांनी माणसे पुढल्या वर्षीही मरतच राहिली. जी वाचली त्यांची प्राध्यापक महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पाहणी केली. अडीच लाखांच्या वर कुटुंबांनी तांदळासाठी आपली सगळी भातजमीन विकली होती, असे त्यांना आढळले. ती घेणारी माणसे बहुधा त्याच भागातली, ओळखीचीच असणार. खरेदीखते रीतसर झाली होती.