गोळीनं थांबणारा नाद देवाचा असतो का?

कानात अखंड सूं असा आवाज येतोय आणि बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तो कमी झाला, तर त्या आवाजात देव होता असं म्हणायचं का? आमच्या दिंडीत हा प्रश्न खरोखर विचारला जातो. आम्ही इचलकरंजीचे माळकरी, बहुतेक जण यंत्रमागावर जन्म काढलेले. धोट्याचा खटखटाट बारा-बारा तास कानांवर घेतला. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. म्हातारपणी माग सुटले, कानातला आवाज सुटला नाही. मलाही तो आहे. डाव्या कानात जास्त, रात्री पाठ टेकली की स्पष्ट.

आमचे एक जुने विणेकरी सांगतात, "हा अनाहत नाद आहे. भाग्य लागतं त्याला, औषध कसलं घेता?" त्यांचं बोलणं निराधार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीबरोबर अनाहताचं वर्णन येतं. हठयोगप्रदीपिकेत तर साधकाला ऐकू येणाऱ्या आवाजांचा क्रमच दिला आहे: आधी समुद्र, मेघ, भेरी, मग शंख, घंटा, शेवटी किणकिण, बासरी, वीणा, भुंगा. कानाच्या डॉक्टरांपुढे रोगी जे सांगतात, ते याहून फार वेगळं नसतं. सुश्रुतसंहितेनं मात्र कर्णनाद कानाच्या २८ रोगांत मोजला आहे. एकच अनुभव आपल्याच परंपरेत रोगही आहे आणि साधनेची पायरीही.

शरीराची बाजू आधी बघू. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मोठ्या आवाजानं मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. १९५३ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कानात काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे कान मिटून बसणाऱ्या योग्याला नाद ऐकू येतो यात नवल नाही आणि खोटेपणाही नाही.

बी-बाराची गोष्ट माळकऱ्यांनी नीट ऐकावी. हे जीवनसत्त्व चेतातंतूंचं आवरण राखतं आणि ते नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. माळ घातल्यावर मटण-मासे सुटतात, आणि गरिबाच्या घरी दूध चहापुरतंच येतं. इस्रायलच्या सैनिकांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आवाजात राहून कर्णनाद जडलेल्यांपैकी ४७ टक्क्यांत बी-बारा कमी होतं, कान शाबूत असलेल्यांत १९ टक्क्यांत. कमतरता असेल, तर ती भरून काढल्यावर काहींना उतार पडतो. गोळीतलं बी-बारा जिवाणूंकडून आंबवून तयार करतात, त्यामुळे व्रत मोडत नाही. जिलेटिनची कॅपसूल तेवढी टाळून साधी गोळी मागावी. पण रक्तात कमतरता नसेल, तर गोळ्यांनी आवाज जातो याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली स्पष्ट सांगितलं, की कर्णनादासाठी जस्त, गिंको किंवा अन्य पूरक गोळ्या सुचवू नयेत. त्यांनी शिफारस केली ती आवाजाकडे बघण्याची मनाची रीत बदलणाऱ्या उपचाराची.

गोळीची हद्द इथं संपते आणि माझ्या मते खरा प्रश्न इथंच सुरू होतो. आवाज कुठून आला यावरून त्याची योग्यता ठरत नाही. अश्रूंत मीठ असतं म्हणून कीर्तनात आलेले अश्रू खोटे ठरत नाहीत. तसंच कारण सापडलं म्हणून अनुभव रिकामा होत नाही. आणि कारण सापडलं नाही, म्हणून तो दैवीही होत नाही. हठयोगप्रदीपिकाही नादाला मुक्काम मानत नाही. मन नादात विरावं, नादही विरावा आणि उरेल ते निःशब्द परब्रह्म, असं ती सांगते. मग नाद जाईल या भीतीनं रक्त तपासायला नकार देणारा साधक त्या ग्रंथालाही सोडून चालला आहे. ज्या श्रद्धेला कानातल्या आवाजाचा दाखला लागतो, ती प्रयोगशाळेच्या एका कागदानं कोसळेल.

आम्हां वारकऱ्यांकडे तो दाखला कुणी मागितलेलाच नाही. आमच्या संतांनी मोठ्यानं, चारचौघांत नाम घ्यायला सांगितलं. भजन रंगलं की कानातलं सूं मागे पडतं. बाहेरचा आवाज आतला झाकतो, हे त्याचं शरीरातलं कारण मला ठाऊक आहे. पण झाकण्याचं काम पंख्याची घरघरही करते. ती मला शेजाऱ्याच्या दुःखाशी जोडत नाही, अहंकार सैल करत नाही. भजन ते करतं. परमार्थाची खूण मी तिथं शोधतो: ऐकू काय येतं यात नाही, माणूस कसा होतो यात.

म्हणून विणेकरी बुवांना माझी हात जोडून विनंती आहे. बुवा, कानाची आणि रक्ताची तपासणी करून घ्या. बी-बारा कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशी गोळी घ्या, प्रसादाइतक्याच आदरानं. कारण ज्या देहानं वारी करायची, त्याची हेळसांड हा काही भक्तीचा भाग नव्हे. आवाज गेला तर देव गेला असं समजू नका. राहिला, तर त्याला चिकटू नका आणि त्याच्याशी भांडूही नका. दोन्ही वेळी हरिपाठ तोच आहे.