पाय थांबले, मन थांबले नाही



आपल्या खानदेशातही अलीकडे डोंगरात धावण्याचे वेड आले आहे. जळगावची 'खानदेश रन' शहरातल्या रस्त्यांवर होते. पण ज्यांचे पाय तिथे मोकळे झाले, ती तरुण मंडळी आता सुट्टीच्या दिवशी पहाटेच उठून सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवीकडे नाहीतर चाळीसगावहून पाटणादेवीकडे जातात आणि पाऊलवाटांनी चढत-उतरत धावतात. ह्याला ते 'ट्रेल रनिंग' म्हणतात. पुण्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा ह्या गडांना जोडून अशी शर्यत भरते. युरोपात माँ ब्लाँ पर्वताला फेरी घालणारी शर्यत २००३ पासून चालू आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश, सुमारे १७० किलोमीटरांची वाट, आणि त्यातले कितीतरी जण रात्रभर कपाळाला दिवा बांधून धावत असतात.

आपल्यातली वडीलधारी माणसे हे ऐकून म्हणतात, की हे देहाचे कौतुक झाले. ह्यात परमार्थ कसला? हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. धावणे वारकऱ्याला परके नाही. रिंगणात अश्व धावतो, त्याच्या आधी पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या माउली धावतात. वेळापूरच्या अलीकडे माउलींच्या सोहळ्यात 'धावा' होतो. तुकोबारायांना त्या टेकावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. आजही लाखो माणसे तो उतार धावत उतरतात. देवाला आर्ततेने हाक मारण्यालाही आपण 'धावा करणे' म्हणतो. नामदेवराय तर कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावले. पोळी कोरडी खाऊ नको, एवढेच त्यांचे मागणे. तेव्हा धावणाऱ्याला धावतो म्हणून दोष देता येत नाही.

एक गोष्ट मात्र जाता जाता सांगतो. हे धावणारे म्हणतात, काय सुंदर दृश्य आहे. ज्याला ते दृश्य म्हणतात ते कोणाचे तरी शिवार आहे, आणि त्याच वाटेने मोळी डोक्यावर घेऊन बाया उतरत असतात. त्यांना 'बाजूला व्हा' असे ओरडून पुढे जाऊ नये. दोन पावले आपण बाजूला व्हावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या नात्यातला एक मुलगा आहे, पंचविशीचा, चाळीसगाव तालुक्यातला. तो पाटणादेवीच्या वाटांवर सराव करतो. गेल्या पावसाळ्यानंतर घाटमाथ्यावरच्या एका शर्यतीत उतरला होता. अर्ध्याहून जास्त अंतर झाले आणि उतारावर पुढचा एक धावणारा पाय मुरगळून बसलेला त्याला दिसला. ओळख ना पाळख. हा थांबला, त्याला खांदा दिला आणि पुढच्या पाण्याच्या ठाण्यापर्यंत हळूहळू घेऊन गेला. त्यात पाऊण तास गेला. ठरलेल्या वेळेच्या आत पुढच्या टप्प्यावर न पोचल्याने त्याला शर्यतीतून बाद केले. पदक नाही, काही नाही.

एका संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर तो माझ्यापाशी बसला. मी म्हटले, "चांगले केलेस बाळा." तो म्हणाला, "आबा, तेच तर विचारायला आलो. लोक चांगले म्हणतात, पण मी थांबलो तरी माझे मन थांबले नव्हते. सारखे घड्याळाकडे बघत होतो. तो माझ्या खांद्यावर कण्हत होता आणि मला त्याचा राग येत होता, की हा माझ्याच पुढे का पडला. मग मी केले ते पुण्य कसले?"

पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो, पण इतकी स्वच्छ शंका फार थोड्या श्रोत्यांनी विचारली. बहुतेकांना केलेल्या कर्माचा हिशेब हवा असतो. ह्याला मनाचा हिशेब लागेना.

मी ही गोष्ट माझ्या एका जुन्या सोबत्याला सांगितली. ते शास्त्र जाणणारे. ते म्हणाले, "भाव नाही तर कर्म म्हणजे नुसते टरफल. मन घड्याळात आणि हात सेवेत, ही सेवा झालीच नाही." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपला संप्रदाय भावाचा. कोरड्या कर्माचे स्तोम संतांनी कधीच माजवले नाही. तरी ह्या ठिकाणी मला त्यांचे म्हणणे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगतो.

नाथमहाराजांचे आख्यान सर्वांना ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले. वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि कावडीतले पाणी त्याच्या मुखात ओतले. नाथांना त्या गाढवातच रामेश्वर दिसला. हे आख्यान मी शेकडो वेळा सांगितले, पण माझे लक्ष नेहमी बरोबरच्या यात्रेकरूंकडे जाते. त्यांच्याही खांद्यावर कावडी होत्या. ते हळहळले, की एवढ्या लांबून आणलेले पाणी वाया गेले. समजा, त्यांच्यातल्या एकाने कुरकुरत, मनात रामेश्वराचा हिशेब करत, आपली कावड ओतली असती. तो नाथ झाला नसता, हे खरे. गाढवाची तहान मात्र तेवढीच भागली असती.

म्हणजे सेवेला दोन टोके आहेत. करणाऱ्याच्या टोकाला भाव बघायचा, आणि घेणाऱ्याच्या टोकाला तहान. माझे सोबती फक्त पहिले टोक धरून बोलत होते. जो पाय मुरगळून बसला होता त्याला ह्या मुलाच्या मनातले घड्याळ दिसले नाही, त्याला खांदा मिळाला. भाव शुद्ध नव्हता म्हणून तो खांदा खोटा ठरवायचा, तर मग मन शुद्ध होईपर्यंत उतारावर बसलेल्याने वाट पाहायची काय? आपण नाथ नाही, आपण त्या बरोबरच्या मंडळींपैकी आहोत. आपल्यासारख्यांनी शुद्ध भावाची वाट पाहिली तर कावडी भरलेल्याच राहतील.

दुसरे असे, की मन आधी आणि देह मागून, हा क्रम वारीत मी फारसा पाहिलेला नाही. आदिशक्ती मुक्ताईंची पालखी कोथळीहून निघते. तापी-पूर्णेचे खोरे सोडून बुलढाण्याच्या अंगाने पठारावर चढते आणि महिनाभराहून जास्त चालून पंढरीला पोचते. पहिल्या दिवसांत कोणाचे मन वारीत असते? पेरणीचे काय झाले, धाकट्याचा ताप उतरला का, भाऊबंदकीतल्या खटल्याची तारीख, सगळे बरोबर चालत असते. पाय मात्र दिंडीत असतात. मुक्काम होत जातात, पायाला फोड येतात, पाऊस पडतो, आणि कुठल्यातरी माळावर एकदम ध्यानात येते की सकाळपासून घरची आठवण झाली नाही. मन पायांच्या मागून येते. म्हणून तर संतांनी नुसते ध्यान करा न म्हणता चालायला लावले. ज्या पायांना थांबायची सवय लागली त्यांच्या मागून मनही एक दिवस थांबेल, असे मी त्या मुलाला सांगितले. त्याने मान डोलावली नाही. विचार करतो म्हणाला. तेही बरेच.

घड्याळाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. तो ज्या पाटणादेवीला सराव करतो, त्याच पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ चालवला. तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे, इ. स. १२०७ च्या सुमाराची. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आहे, की लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी लावलेल्या घटिकापात्रात ती कौतुकाने वाकून बघत राहिली, तिचा मोती त्यात पडला, छिद्र बुजले, आणि मुहूर्त टळला. दंतकथाच ती, पण ती मी त्याला सांगितली तेव्हा तो प्रथमच हसला.

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी अशीच १०० किलोमीटरांची डोंगरातली शर्यत होती. १७२ जण धावत होते. दुपारी एकाएकी थंडी, गारा आणि वादळ सुटले, अंगावर पातळ कपडे, आणि २१ जण गारठून मेले. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ वादळामुळे गुहेत आश्रयाला होता. त्याला बाहेर एक धावणारा गोठून उभा दिसला. त्याने त्याला आत आणले, शेकोटी पेटवली आणि पुन्हा बाहेर गेला. असे सहा जण त्याने वाचवले. पुढे लोक त्याचे कौतुक करू लागले तेव्हा तो बाकीच्यांविषयी बोलला, ज्यांच्यासाठी त्याला काही करता आले नाही. त्यालाही केलेले पुरेसे वाटत नव्हते.

डोंगरातल्या बऱ्याच शर्यतींत असा नियम असतो, की संकटात पडलेल्याला ओलांडून जायचे नाही. हा नियम मला आवडला. नियम झाला म्हणजे भाव गेला, असे कोणी म्हणेल. पण दिंडीतही शिस्त असते. तो मुलगा शेवटी म्हणाला, "आबा, थांबलेल्याची गेलेली वेळ त्याला परत द्यायला हवी, म्हणजे कोणी बाद होणार नाही." व्यवहाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे, आयोजकांनी तसे करावे, निदान त्यामुळे जास्त माणसे थांबतील. मी त्याला एवढेच विचारले, की पाऊण तास परत मिळणार हे तुला आधी माहीत असते, तर तुला त्या माणसाचा राग आला असता का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आला नसता. पण मग मी दिले काय असते?"

ह्याचे उत्तर मी त्याच्यावरच सोपवले आहे. पुढच्या रविवारी तो पुन्हा पाटणादेवीला जाणार आहे.