टोपणनाव आणि सत्य

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या खेड्यांत वाढणारी समलिंगी आणि ट्रान्स मुले-मुली समाजमाध्यमांवर अनेकदा दोन खाती चालवतात. एकावर खरे नाव, जत्रेचे फोटो आणि निम्मी भावकी. दुसऱ्यावर टोपणनाव आणि डीपीला एखादे फूल. पहिल्यावर लग्नाचा विषय हसून टाळला जातो, दुसऱ्यावर मनातले बोलले जाते. नाव लपवणे म्हणजे असत्य का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली याचे कठोर उत्तर दिले: मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीही खोटे बोलू नये. महाभारताचा कौल वेगळा आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने लपलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांना दाखवली, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. कोण विचारतो आणि उत्तराने कोणाचा घात होतो, हे पाहिल्याशिवाय सत्याचा निवाडा होत नाही.

तरी ही कथा गावाला जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे विचारणारा दरोडेखोर नसतो. मामा किंवा चुलता असतो आणि त्याच्या मते तो भल्यासाठीच विचारतो. त्याच्यापासून राखलेले मौन निर्दोष मानता येईल. पण घरच्यांच्या दबावाखाली मुलगा बोहल्यावर चढतो आणि नवरीला काहीच ठाऊक नसते, तेव्हा त्याच मौनाची किंमत ती मोजते. कौशिकाला लावलेला निकष मग या मुलाविरुद्ध जातो. दबाव खरा असला, तरी त्याने फसवणूक पुसली जात नाही.

सौंदत्तीच्या आणि जतच्या यल्लम्माच्या परंपरेत रीत अगदी उलट आहे. बाईपणाची ओढ असलेल्या मुलाला देवीने धरले असे मानले, की तो जोगता होतो; लुगडे नेसतो, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती असलेली टोपली, घेतो, चौंडक्याच्या साथीने जोगवा मागतो. सगळे उघड. मात्र गाव मान देते तो देवीच्या इच्छेला, त्या माणसाच्या इच्छेला नव्हे, आणि त्यापायी संसार सोडावा लागतो. पुरुष राहूनच पुरुषावर प्रेम करणाऱ्याला किंवा मैत्रिणीबरोबर राहू पाहणाऱ्या मुलीला या चौकटीत जागा नाही. टोपणनावाच्या खात्यावर ती जागा सापडते, आणि तिथे कोणत्याही दैवताची साक्ष काढावी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा अविभाज्य भाग मानला. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. कोणाला काय सांगायचे, हे ठरवणे त्या व्यक्तीच्या हाती आले, निदान कायद्यापुरते.

मोबाइलवर ते तितकेसे हाती राहत नाही. डेटिंग ॲप समोरच्याचे अंतर दाखवते. पुण्यात तीनशे मीटरमध्ये शेकडो माणसे असतात. वाडीवर तेवढ्या अंतरात दोन-चार घरे. फोनमधले नंबर समाजमाध्यमाच्या ॲपला वापरू दिले, तर लपवलेले खाते चुलतभावाला ‘ओळखीचे’ म्हणून सुचवले जाऊ शकते. तेव्हा कौशिकासारखी वाट दाखवणारे एक यंत्र असते, आणि त्याने सत्याचे व्रतही घेतलेले नसते.