सुकाणू कोणाच्या हाती?

शिडाच्या नौकेचे सुकाणू माणसाने सोडले आणि तरीही ती वाटेवर राहिली, तर कर्ता कोणाला म्हणायचे? सांख्यांच्या मते कर्म प्रकृती करते, पुरुष केवळ साक्षी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही ‘मी करतो’ हा अहंकाराचा भ्रमच ठरतो.

माणसाऐवजी सुकाणू धरणारा विजेवरचा ऑटोपायलट होकायंत्राचे ऐकतो. दिशा ठरवून दिली की मोटर सुकाणू फिरवत राहते. वारा बदलून शिडे फडफडू लागली तरी त्याला सोयरसुतक नाही. बॅटरी संपली की कारभार आटोपला. वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याची तऱ्हा निराळी. नौकेच्या मागच्या टोकाला उभे केलेले हे पाते वाऱ्याशी ठरलेला कोन सुटताच कलते आणि पाण्यातले फळकूट किंचित वळवते. धावते पाणी त्या फळकुटाला बाजूला ढकलते, त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढतात. वीज लागत नाही. मात्र वारा फिरला की नौकाही निमूट फिरते.

पात्याची ही शरणागती म्हणजे अकर्म, करूनही न केल्यासारखे होणे, नव्हे. विनोबांच्या मते कर्माला विकर्माची, म्हणजे मनाची, जोड मिळाली तरच अकर्म साधते. मन पात्याजवळ नाही, मोटरजवळही नाही. ते कोन ठरवणाऱ्या खलाशाजवळ असते. 2022 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ऑटोपायलटला मनाई होती. पात्याची यंत्रणा मोडली तेव्हा भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांनी शौचालयाचे दार कापून सुटे भाग घडवले आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पुरी केली.